काटा निघाला, नोंद राहिली : विद्धव्रणातील शल्य आणि आपली रुग्णपत्रिका

सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग हा परिसर आज पूर्णपणे नागरी झाला आहे. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे येथे विद्यार्थ्यांची वर्दळ नित्याची असते. तरीही आमच्या चिकित्सालयाच्या बाकावर सायंकाळी बसलेला रुग्ण पुष्कळदा थेट रानातून आलेला असतो. ऊस तोडलेल्या शेतातील बुडखा टाचेत घुसलेला, द्राक्षबागेतील बांबूचे कुसळ तळहातात मोडलेले, बांधावरच्या बाभळीचा काटा चपलेसकट तळपायात रुतलेला, किंवा बांधकामावरील गंजका खिळा पायात शिरलेला, असे रुग्ण आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. जखमेचे तोंड मोहरीएवढे असते, रक्तही फारसे गेलेले नसते, आणि म्हणूनच आपणही तिच्याकडे तेवढ्याच लहान नजरेने पाहतो. दोन मिनिटांत काटा निघतो, पट्टी होते, रुग्ण जातो. पत्रिकेवर मात्र एखादी ओळ उमटते, किंवा तीही उमटत नाही.

ही एक ओळ किती महाग पडू शकते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक प्रथम सांगून मग विषयाकडे वळतो.

आमच्याच पत्रिकेची कथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. द्राक्षबागेत मजुरी करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ पायात काटा मोडला म्हणून आले. आम्ही काटा काढला, व्रण धुतला, जात्यादि तैलाची पट्टी बांधली आणि पत्रिकेवर लिहिले : ‘पादकंटक. काढला. व्रणकर्म. औषध ५ दिवस.’ सुमारे ७ आठवड्यांनी ते लंगडत परत आले. तळपायास शोथ होता, बारीक तोंडातून पूयस्राव चालू होता. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : “डॉक्टर, काटा त्या दिवशी सगळा निघाला हुता का न्हाई?”

आम्ही जुनी पत्रिका काढली. तिच्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कोणता पाय, हे नव्हते. काट्याचे टोक अखंड होते की मोडके, हे नव्हते. धनुर्वाताची लस दिली होती की नाही, हेही नव्हते. मिरजेस पाठविल्यावर तेथील शल्यचिकित्सकांनी पूर्वीचे कागद मागितले. आमचा कागद पाहून त्यांनी काही न बोलता तो परत केला. सोनोग्राफीत तांदळाच्या दाण्याएवढे काट्याचे टोक दिसले आणि ते शस्त्रकर्माने काढण्यात आले. रुग्ण बरा झाला; पण छाटणीच्या हंगामाची मजुरी बुडाली. मुलाच्या विम्यातून खर्च मागितला, तेव्हा ‘हा जुना विकार की अपघात? अपघात असल्यास दिनांक व पुरावा?’ अशी विचारणा आली. पुरावा म्हणून आमच्यापाशी तीच एक ओळ होती. तीत ना अपघात सिद्ध होत होता, ना अवयव.

चिकित्सेत झालेल्या चुकीहून ही चूक आम्हांस अधिक लागली. मोडलेले टोक खोलवर राहणे हे कोणाच्याही हातून घडू शकते. परंतु ते राहिले असण्याची शक्यता लिहून न ठेवणे हा केवळ आळस होय.

आचार्यांनी काय पाहिले होते

मराठीत ‘सल’ हा शब्द आपण मनातील जुन्या दुःखासाठी वापरतो. तो ‘शल्य’ या संस्कृत शब्दापासूनच आला आहे. आत राहून सतत बोचते ते शल्य. ज्या तंत्राला या शब्दाचे नाव मिळाले, त्या तंत्राचे अनुयायी म्हणून तरी आपण शल्याची नोंद इतरांहून काटेकोर ठेवावयास हवी.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे ६ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी विद्धाचे लक्षण नीट पाहावे. सूक्ष्म मुखाच्या शल्याने आशय सोडून अन्य अंगावर आघात झाला असता, मग ते शल्य वर डोकावत असो वा बाहेर पडलेले असो, त्यास विद्ध म्हणावे, असा त्याचा आशय आहे. या एकाच लक्षणात तीन गोष्टी आल्या : आघात करणाऱ्या वस्तूचा आकार, आशयाचा भेद झाला की नाही, आणि शल्य आत आहे की निघून गेले. आजचे नोंदणीशास्त्र वैद्याला नेमके हेच तीन प्रश्न विचारते.

सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात प्रनष्ट शल्याचा, म्हणजे आत दडून बसलेल्या शल्याचा विचार आहे. त्वचेतील शल्य सापडत नसेल तर त्या भागावर थिजलेले तूप, माती किंवा चंदनकल्क लावावा. जेथे तूप वितळते अथवा लेप लवकर सुकतो, तेथे शल्य आहे असे जाणावे, ही युक्ती आपणांस पाठ आहे. स्थानिक उष्मा हे शोथाचे लक्षण होय, हे तत्त्व त्यामागे आहे. त्याच अध्यायात लाकूड, बांबू व तृण यांची शल्ये वेळेवर न काढल्यास रक्त व मांस त्वरित पिकवितात, असेही सांगितले आहे. धातूंची शल्ये दीर्घकाळाने शरीरात विरून जातात, हे तेथील मत आजच्या अनुभवाशी जसेच्या तसे जुळत नाही. तथापि शल्य कोणत्या द्रव्याचे आहे यावर त्याची पुढील गती ठरते, हा मूळ सिद्धान्त आजही अबाधित आहे. २७ व्या अध्यायातील शल्यापनयनाचे १५ उपाय आणि त्यांतील अयस्कान्ताचा, म्हणजे लोहचुंबकाचा उपयोगही द्रव्य ओळखल्याखेरीज संभवत नाही.

मर्मविचारही येथे विसरता येत नाही. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांमधील क्षिप्र मर्माचा वेध झाल्यास आक्षेपकाने मृत्यू येतो, असे शारीरस्थानात सांगितले आहे. पायातील खोल, अरुंद व मातीने मळलेला व्रण आणि त्यानंतर येणारा धनुर्वात यांचा संबंध जाणणाऱ्या आजच्या वैद्याला हे वाचून थबकावे लागते. तसेच उत्क्षेप व स्थपनी ही विशल्यघ्न मर्मे होत. तेथील शल्य असेपर्यंत रुग्ण जगतो आणि ओढून काढताच दगावतो. शरीरात रुतलेली मोठी वस्तू जागच्या जागी स्थिर करून रुग्णालयात न्यावी, घटनास्थळी उपटू नये, हा आजचा नियम याहून वेगळा नाही.

संकेतांक : त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

आता संकेतांकांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, म्हणजे आयसीडी, आपणांस नावाने परिचित आहे. त्याच्या १० व्या आवृत्तीस मे १९९० मध्ये मान्यता मिळाली. ११ वी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. १० व्या आवृत्तीत पाऊल व घोटा यांच्या उघड्या जखमा ‘एस ९१’ या गटात येतात. पायाच्या बोटाची जखम नखास इजा नसल्यास एस ९१.१, नखास इजा असल्यास एस ९१.२, आणि पावलाचा अन्य भाग असल्यास एस ९१.३. हाताच्या बोटासाठी त्याच रीतीने एस ६१.० व एस ६१.१ हे संकेतांक आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या मूळ आवृत्तीत ‘उघडी जखम’ या संज्ञेतच कापणे, फाटणे, दंश आणि शल्यासह वा शल्याविना टोचणे हे सर्व समाविष्ट आहे. म्हणजे एस ९१.३ एवढे लिहिले असता जखम विद्ध होती की छिन्न, पाय डावा की उजवा, शल्य होते की नव्हते, यांपैकी काहीही कळत नाही. आमच्या त्या पत्रिकेवर जर आम्ही हा संकेतांक अगदी अचूक लिहिला असता, तरी त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते!

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत हा भेद केला आहे. तेथे पावलाचा शल्यविरहित विद्धव्रण एस ९१.३३ मध्ये आणि शल्यासह विद्धव्रण एस ९१.३४ मध्ये जातो. पुढचा अंक बाजू सांगतो : उजव्यासाठी १, डाव्यासाठी २, आणि बाजू लिहिलीच नसल्यास ९. शेवटी ए, डी किंवा एस हे अक्षर येते. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू, डी म्हणजे भरून येण्याच्या काळातील भेट, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. डाव्या पावलातील सशल्य विद्धव्रणाची पहिली भेट अशा रीतीने ‘एस ९१.३४२ ए’ होते. शल्य त्याच भेटीत काढले तरी व्रण ‘शल्यासह’ असाच नोंदला जातो, कारण रुग्ण आला तेव्हा शल्य आत होते. शल्य काढण्याच्या कर्मासाठीही तेथे पावलापुरते तीन वेगळे संकेतांक आहेत : त्वचेखालील शल्यासाठी २८१९०, खोल शल्यासाठी २८१९२ आणि गुंतागुंतीच्या कर्मासाठी २८१९३.

ही पद्धती आपणांवर बंधनकारक नाही. पण तिच्यातून एक बोध निश्चित घ्यावा. तेथे संकेतांक देणारा लेखनिक रुग्णाला पाहत नाही. तो केवळ वैद्याने लिहिलेले वाचतो. वैद्याने ‘डावा’ लिहिले नाही तर त्याला ९ हाच अंक घालावा लागतो. सुश्रुताचार्यांनी उत्तुंडित आणि निर्गत असा जो भेद केला, तोच तेथे अंकांत आला आहे. संकेतांक ही शेवटची पायरी होय. पहिली पायरी वैद्याची लेखणी आहे.

आपल्याकडेही आता हा विषय दूरचा राहिलेला नाही. आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले. त्यात आयुर्वेदातील व्याधिनामांना प्रमाणित संकेतांक दिले असून त्यांच्या जोडीने आयसीडीचा संकेतांक लिहिण्याची, म्हणजे दुहेरी नोंदीची कल्पना मांडली आहे. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे ११ व्या आवृत्तीतील पारंपरिक वैद्यकाचे दुसरे प्रकरण प्रकाशित झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञा आहेत. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार आयुष उपचारांना आरोग्यविम्यात अन्य उपचारांच्या बरोबरीने स्थान द्यावयाचे आहे. बरोबरीचा हक्क मागताना बरोबरीची नोंदही दाखवावी लागेल, हे उघड आहे.

रुग्णपत्रिकेत काय असावे

आम्ही त्या प्रसंगानंतर चिकित्सालयात एक क्रम ठरविला. तो सर्वांच्या विचारार्थ देत आहोत.

१. काळ व स्थळ : इजा केव्हा झाली, कोठे झाली, काय करीत असता झाली. बाह्य कारणाचा संकेतांक यावरच ठरतो. वनस्पतीचा काटा असल्यास डब्ल्यू ६०. खिळा, पत्रा, कुसळ असल्यास डब्ल्यू ४५. धारदार काच असल्यास डब्ल्यू २५. पुढचा अंक स्थळ सांगतो : घर ०, रस्ता ४, कारखाना वा बांधकाम ६, शेत ७. शेतात बाभळीचा काटा रुतला तर डब्ल्यू ६०.७.

२. वस्तू : कोणत्या द्रव्याची, अंदाजे किती लांब, स्वच्छ की मळकी. चप्पल वा बूट भेदून आली असल्यास तसे अवश्य लिहावे, कारण रबराचा कण आत जाऊ शकतो आणि अशा जखमांत अस्थीपर्यंत जाणाऱ्या विशिष्ट जिवाणूसंसर्गाचा धोका असतो.

३. स्थान : डावा की उजवा, तळ की पृष्ठ, कोणत्या बोटापासून किती अंतरावर. एक लहानसे रेखाचित्र शंभर शब्दांचे काम करते.

४. परीक्षण : व्रणमुखाचे माप, स्राव, शोथ, बोटांची हालचाल, संवेदना, रक्तप्रवाह. मधुमेह आहे काय, हे विचारलेच पाहिजे. ज्याच्या पायाची संवेदना हरवली आहे, त्याला शल्य बोचतही नाही.

५. शल्याची स्थिती : ही सर्वांत महत्त्वाची नोंद. ‘अखंड काढले’, ‘खंडित निघाले, शेष असण्याची शक्यता’, ‘शोधले, सापडले नाही’, किंवा ‘रुग्णाने येण्यापूर्वीच काढले, आम्ही पाहिले नाही’. या चारांपैकी एक वाक्य प्रत्येक पत्रिकेवर हवेच.

६. कर्म : संमती, छेद घेतला की नाही, कोणत्या यंत्राने काढले, प्रक्षालन कशाने केले, व्रण उघडा ठेवला की कसे.

७. धनुर्वात लस : शेवटची मात्रा केव्हा. दूषित व्रणात ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास वर्धक मात्रा लागते. प्राथमिक ३ मात्रा पूर्ण नसल्यास किंवा त्यांविषयी काहीच ठाऊक नसल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचाही विचार करावा लागतो. आपण देत नसल्यास कोठे पाठविले ते लिहावे.

८. पुढील भेट : दिनांक, आणि ठणका, सूज, ज्वर वा स्राव झाल्यास लगेच यावे, ही सूचना दिल्याची नोंद.

आमची ती जुनी ओळ या क्रमाने लिहिली असती तर अशी झाली असती : ‘आज सकाळी ११ च्या सुमारास द्राक्षबागेत रबरी चप्पल भेदून बाभळीचा काटा डाव्या तळपायात. तिसऱ्या बोटाच्या मुळापासून २ सेंमी मागे २ मिमी व्रणमुख. स्राव नाही, हालचाल व संवेदना प्राकृत. मधुमेह नाही. सशल्य विद्धव्रण. छेद न घेता संदंशयंत्राने ९ मिमी काटा काढला. टोक अखंड नाही, शेष असण्याची शक्यता. सोनोग्राफीचा सल्ला. लसीची माहिती नाही, त्यासाठी पाठविले. ४८ तासांनी भेट. एस ९१.३, डब्ल्यू ६०.७.’ हे लिहिण्यास तीन मिनिटे लागतात. त्या तीन मिनिटांनी एका मजुराचा हंगाम कदाचित वाचला असता.

शल्य राहिल्याचा संशय असल्यास

क्ष-किरणचित्रात धातू, खडा आणि बहुतेक काच दिसते. लाकूड व काटा मात्र सामान्यतः दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे निर्दोष’ एवढ्यावर ‘शल्य नाही’ असे लिहू नये. काटा व कुसळ यांसाठी सोनोग्राफी अधिक उपयुक्त ठरते. सांधा, कंडरा, डोळा, मान, छाती किंवा उदर यांच्या जवळील शल्य, तसेच मधुमेही रुग्णाच्या पायातील खोल शल्य वेळेवर पुढे पाठवावे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात मर्मेतर अवयवांतील शल्यनिर्हरणाचा स्पष्ट उल्लेख झाला. तो अधिकार त्या शिक्षणाशी जोडलेला आहे. आपली मर्यादा जाणून पाठविणे यात कमीपणा नाही.

जुन्या शल्याची नोंद ताज्या व्रणाच्या संकेतांकाने करू नये. मृदू ऊतींत राहून गेलेले शल्य एम ७९.५ मध्ये येते. त्याभोवती त्वचेत गाठ झाली असल्यास एल ९२.३. ज्यास आपल्याकडे कुरूप म्हणतात, त्या कदराचा संकेतांक एल ८४ आहे. निदानस्थानात कदराच्या हेतूंत काट्याने झालेला क्षत सांगितला आहे, हे स्मरून कुरूपावर बिब्बा किंवा अग्निकर्म करण्यापूर्वी ‘येथे कधी काटा मोडला होता काय?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. आत शल्य असता वरून दाह करणे म्हणजे दार लावून चोराला घरात कोंडणे होय.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींसाठी

काटा मोडलेला माणूस पुष्कळदा वैद्याकडे न जाता प्रथम दुकानात येतो आणि ‘एखादं मलम द्या’ म्हणतो. सांगली हे हळदीचे पेव. येथे जखमेत हळद दाबून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हळदीच्या गुणांविषयी आपणांस शंका नाही, परंतु दाबून भरलेल्या चूर्णाखाली व्रणमुख झाकले जाते आणि शल्य शोधणे कठीण होते. अशा वेळी विक्रेत्याने दोनच प्रश्न विचारावेत : ‘पूर्ण निघाले का?’ आणि ‘धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले?’ उत्तर अनिश्चित असल्यास विक्रीपूर्वी वैद्याकडे पाठवावे. व्रणतैल किंवा घृत दिल्यास पावतीवर दिनांक, औषधाचे नाव व बॅच क्रमांक असावा. रुग्णाला पुढे रुग्णालयात जावे लागले, तर ती पावतीही इजेच्या दिनांकाचा पुरावा ठरू शकते.

समारोप

आम्ही येथे नवे काही सांगितले नाही. विद्धाचे लक्षण आपण विद्यार्थिदशेत पाठ केले; ते पत्रिकेवर उतरविण्याचे तेवढे राहून गेले. संकेतांक आज १० व्या आवृत्तीचे आहेत, उद्या ११ व्या आवृत्तीचे होतील, अंक बदलतील. परंतु शल्य कशाचे, कोठे आणि निघाले की राहिले, हे तीन प्रश्न बदलणार नाहीत. त्यांची उत्तरे ज्या पत्रिकेत आहेत, तिला कोणताही संकेतांक लावता येतो. ज्या पत्रिकेत नाहीत, तिला कोणताही अंक वाचवू शकत नाही.

ते गृहस्थ आजही छाटणीच्या दिवसांत विश्रामबागेत आले की डोकावून जातात. पाय उत्तम आहे. त्यांची जुनी पत्रिका आम्ही टाकून दिलेली नाही. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक तरुण वैद्याला ती पहिल्या दिवशी वाचावयास देतो. तो एका क्षणात वाचून संपवतो आणि विचारतो, “पुढे काय लिहिलंय?” त्यावर आम्ही सांगतो, “पुढे काहीच लिहिलेले नाही.”